साठी, बुद्धी आणि गंगाजळी

काकूला ३० पैकी १७ गुण मिळाले आणि अण्णांना १९. साधारण पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. अण्णा म्हणजे माझे चुलते. दोघांचं वय झालं होतं, अण्णा बोलण्यात मागे पडत चालले होते, म्हणून मीच त्यांना रोह्याहून एका मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो होतो. तिथे एका तरुण डॉक्टरांनी समोर बसवून दोघांची स्मृतिचाचणी घेतली. चोवीसच्या खाली गुण आले तर स्मृतिभ्रंशाचा संशय घ्यायचा, असा नियम. म्हणजे दोघंही नापास. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. त्यामुळे परीक्षेवर माझा विश्वास जरा जास्तच. गुणपत्रिका मी मान खाली घालून खिशात ठेवली.

पण काकूच्या उत्तरांपैकी काही मला तेव्हाच खटकली होती. ‘आज तारीख काय?’ या प्रश्नावर ती म्हणाली होती, ‘वद्य सप्तमी. उद्या कालाष्टमी.’ तिथी अगदी बरोबर होती, गुण शून्य. शंभरातून सात वजा करत जा म्हटल्यावर तिने विचारलं, ‘कशाचे शंभर?’ एक वाक्य लिहा म्हणून पेन पुढे केलं तर म्हणाली, ‘अंगठा चालेल का?’ एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढायला सांगितले, तेव्हा तिने आयुष्यात बहुधा पहिल्यांदा पेन्सिल हातात धरली. अण्णांना जिल्हा विचारला. ते म्हणाले, ‘कुलाबा.’ चूक. कुलाबा जिल्ह्याचा रायगड १९८१ साली झाला. तेव्हा अण्णा मुंबईत गिरणीत होते, आणि त्यांच्या लेखी गावाचा जिल्हा कुलाबाच राहिला. लक्षात ठेवायला तीन शब्द दिले होते, त्यातला एकच त्यांनी परत सांगितला. उरलेले दोन ते विसरले होते की त्यांना ऐकूच आले नव्हते, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

परतीच्या गाडीत काकूने दिवसभराच्या खर्चाचा हिशेब मांडला. रिक्षा, केसपेपर, तिघांचा चहा, वडापाव. सगळं तोंडी. मग मला म्हणाली, ‘चहावाल्याने तुला चार रुपये कमी दिले.’ मोजून बघितले. खरंच कमी होते.

‘साठी बुद्धी नाठी’ ही आपली म्हण सगळ्यांना एकाच मापाने मोजते: साठी आली की बुद्धी जाणार. मेंदूचं म्हातारपण हे केस पिकण्यासारखं, ज्याचं त्याचं नशीब आणि थोडा आनुवंशिकतेचा भाग, असं मीही धरून चाललो होतो. त्या गुणपत्रिकेनंतर मी या विषयावर वाचायला लागलो आणि ते वाचन अजून चालू आहे. त्यातून एक गोष्ट मला पटत गेली. मेंदू कधी आणि किती लवकर म्हातारा होतो, याचा बराच मोठा भाग माणूस कोणत्या घरात जन्मला, शाळेत गेला की नाही, कोणत्या कामावर लागला, ते काम कधी सुटलं आणि म्हातारपणी त्याच्याशी बोलायला कोण उरलं, यावर ठरतो. आणि आपण ते मोजायला जातो तेव्हाही माप बहुतेक वेळा शाळेचंच असतं.

आधी त्या मापाबद्दल. काकूला दिलेली चाचणी १९७५ साली अमेरिकेत मार्शल फोल्स्टीन आणि सहकाऱ्यांनी तयार केली. पाच-दहा मिनिटांत होते, म्हणून ती जगभर पसरली. लिहितावाचता येणारा, कॅलेंडरवर जगणारा माणूस तिने गृहीत धरला आहे. भारतात ही अडचण फार पूर्वी ओळखली गेली होती. १९९०च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढ भागात मेरी गांगुली, विजय चंद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरक्षर शेतकरी कुटुंबांमधल्या वृद्धांचा अभ्यास हाती घेतला, आणि आधी चाचणीच बदलून घेतली. ‘डोळे मिटा’ ही लेखी सूचना वाचून दाखवण्याऐवजी ‘माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा’ असं झालं. वाक्य लिहायला सांगण्याऐवजी ‘तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा’ असं आलं. सातची वजाबाकी जाऊन वीसमधून तीन-तीनची आली. काम स्मृतीचंच तपासायचं, पण शाळेतून गेल्याचा दाखला मागायचा नाही. काकूसमोर ही चाचणी आली असती तर ती पास झाली असती, असं मला वाटतं. अण्णा झाले नसते. त्याचं कारण पुढे येईल.

बल्लभगढमध्ये सापडलेलं अल्झायमरचं प्रमाण त्या वेळी जगातल्या सर्वांत कमी नोंदींपैकी एक होतं. भारतीय खेड्यातला माणूस सुखी, हळद खाणारा, एकत्र कुटुंबात राहणारा, म्हणून त्याचा मेंदू टवटवीत, असे निष्कर्ष त्यावरून झटपट काढले गेले. हळदीवर तर किती लेख आले याची गणती नाही. मग २०२३ मध्ये दुसरं चित्र समोर आलं. मुंबईत देवनारला असलेल्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने पंचेचाळिशीच्या पुढच्या सुमारे ७२ हजार भारतीयांची जी मोठी पाहणी केली, तिच्यातल्या साठीपुढच्या चार हजारांवर लोकांच्या बुद्धीची बारकाईने तपासणी झाली. इथे चाचण्या निरक्षरांना झेपतील अशा होत्या, घरच्यांनाही प्रश्न विचारले होते आणि त्यांतल्या अनेकांबद्दल डॉक्टरांनी मिळून मत दिलं होतं. त्यावरून काढलेला अंदाज असा: साठीपुढच्या दर शंभर भारतीयांमध्ये ७.४ जणांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसं. शहरांत ५.३ टक्के, खेड्यांत ८.४. पुरुषांमध्ये ५.८, बायकांमध्ये ९.

दोन अभ्यासांत एवढा फरक का? एक तर पद्धती आणि काळ वेगळे. पूर्वी स्मृतिभ्रंश झालेला माणूस फार जगत नसे, त्यामुळे मोजायच्या दिवशी तो सापडतही नसे. शिवाय एक कारण आपल्या घरांमध्ये आहे. स्मृतिभ्रंशाची व्याख्या अशी की विसरण्यामुळे रोजचं जगणं अडलं पाहिजे. ज्या म्हाताऱ्याला सून ताट वाढते, मुलगा पेन्शन काढून आणतो, नातू हात धरून देवळात नेतो, त्याचं काय अडलं हे कळायला वर्षं जातात. गोव्यात विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी लोकांशी बोलून केलेल्या अभ्यासात हेच दिसलं होतं: लक्षणं सगळ्यांच्या ओळखीची होती, पण त्याला आजार कोणी म्हणत नव्हतं. वय झालं, एवढंच.

आता त्या आकड्यांतल्या दऱ्यांकडे बघू. खेडं आणि शहर, बाई आणि पुरुष. ही दरी कुठून येते?

मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा, शरीराच्या वजनाच्या दोन टक्के. पण शरीराला मिळणाऱ्या प्राणवायूपैकी पाचवा भाग तो एकटा खातो. वय वाढतं तसा तो आकसतो. नव्या आठवणी जिथे घडतात तो हिप्पोकॅम्पस उतारवयात दर वर्षी एक ते दोन टक्क्यांनी लहान होतो. अल्झायमरमध्ये पेशींच्या बाहेर अमिलॉइड नावाच्या प्रथिनाची पुटं साचतात, पेशींच्या आत टाऊ नावाच्या प्रथिनाचा गुंता होतो. हे शरीरशास्त्र सगळ्यांना सारखंच. पण १९८८ मध्ये रॉबर्ट कॅट्झमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या वृद्धाश्रमात मरण पावलेल्या १३७ जणांचे मेंदू तपासले, तेव्हा एक विचित्र गोष्ट आढळली. दहा जणांच्या मेंदूंत अल्झायमरच्या खुणा भरपूर होत्या, पण ती माणसं शेवटपर्यंत शहाणीसुरती वागत होती. त्यांचे मेंदू वजनाने जास्त भरले. झीज झाली होती, पण झिजायला आधी बरंच काही होतं.

या कल्पनेला इंग्रजीत जो शब्द आहे त्याला मराठीत ‘गंगाजळी’ यापेक्षा चांगला शब्द मला सुचत नाही. बँकेची राखीव गंगाजळी असते तशीच मेंदूची. आयुष्यभर शिकण्यातून, वापरातून पेशींमधल्या जोडण्या वाढतात, एकच काम करण्याचे दोन-तीन मार्ग तयार होतात. एक रस्ता बंद पडला तरी आडवाट असते. कोलंबिया विद्यापीठातल्या याकोव्ह स्टर्न यांनी ही कल्पना पुढे नेली. तिचा सर्वांत लक्षात राहणारा पुरावा डेव्हिड स्नोडन यांनी ६७८ जोगिणींच्या अभ्यासातून दिला. या साऱ्या ख्रिस्ती मठातल्या. सारख्याच पद्धतीने राहणाऱ्या, सारखंच अन्न खाणाऱ्या, सिगारेट नाही, बाळंतपण नाही, पैशाची चिंता नाही. म्हणजे प्रौढ वयातल्या परिस्थितीचे बहुतेक फरक आपोआप पुसले गेलेले. मठाच्या दप्तरात त्यांनी वयाच्या बाविशीच्या आसपास लिहिलेली छोटी आत्मवृत्तं होती. ज्यांच्या वाक्यांत विचारांची दाटी कमी होती, त्यांना साठ वर्षांनी अल्झायमर होण्याचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं. गंगाजळीचा पहिला हप्ता मठात येण्याआधीच भरलेला होता, किंवा भरायचा राहिला होता.

रोहेकराने ‘गंगाजळी’ म्हटल्यावर चिंतामणराव देशमुखांचं नाव येणारच. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४३ साली नेमलेले. जन्म १८९६, महाडजवळच्या नाते गावी. घराणं रोह्याचं, वडील वकील. १९१२ला मॅट्रिकमध्ये पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली, मग केंब्रिज. मेघदूताचा मराठी अनुवाद केला. आत्मचरित्र प्रसिद्ध झालं तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांच्या बुद्धीची थोरवी कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण त्या बुद्धीला पाचव्या-सहाव्या वर्षापासून घरात पुस्तकं, पुढे मुंबईची शाळा आणि पोटाची ददात नसलेलं बालपण मिळालं, हेही तितकंच खरं.

काकूचं माहेर त्याच तालुक्यात, कुंडलिकेच्या पलीकडे. १९५१ची जनगणना झाली तेव्हा ती आठ वर्षांची होती. त्या जनगणनेनुसार देशात साक्षर होते १८.३३ टक्के, बायकांमध्ये ८.८६. काकू उरलेल्या एक्क्याण्णवांमधली. धाकट्या भावाला सांभाळायला ती घरी राहिली आणि भाऊ मोठा झाल्यावर तो शाळेत गेला. आज ऐंशीच्या घरात असलेल्या बहुतेक कोकणी बायकांची हीच गोष्ट आहे. बायकांमधल्या ९ टक्क्यांमागे त्या जास्त जगतात हे कारण आहेच. पण शिक्षणाचा फरक हिशेबात घेतला की स्त्रीपुरुषांमधली दरी बरीच अरुंद होते, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे आज आपण म्हातारपणाचा आजार म्हणून मोजतो, त्याचा काही हिस्सा १९५१ सालच्या शाळेच्या हजेरीपटावर न लागलेल्या नावांचा आहे.

मात्र गंगाजळी फक्त शाळेतच भरते असंही नाही. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २०१३ला प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांना आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा आल्याचं दिसलं, आणि महत्त्वाचं म्हणजे निरक्षरांमध्येही हा फरक टिकला. इतर देशांतल्या काही अभ्यासांत तो इतका स्पष्ट आढळलेला नाही, त्यामुळे मी त्यावर सगळा भार टाकणार नाही. पण आमच्या भागात कातकरी माणूस घरात कातकरी बोलतो, शेटच्या दारात मराठी, वीटभट्टीवर मुकादमाशी मोडकीतोडकी हिंदी. तो हे सगळं एकाही इयत्तेचं शिक्षण न घेता करतो. त्याच्या या कसरतीची नोंद कुठल्याच गुणपत्रिकेवर होत नाही. त्याच कातकऱ्याचं पोर दिवाळीनंतर आईबापांबरोबर भट्टीवर जातं आणि पावसाच्या तोंडाशी परत येतं. म्हणजे शाळेचं अर्धं वर्ष संपल्यावर जातं आणि परीक्षा होऊन गेल्यावर येतं. पुढच्या साठ वर्षांचा हप्ता इथे चुकतो, तोही आजच्या तारखेला.

आता अण्णा. अण्णा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. साचा म्हणजे माग. शेकडो साचे एका छपराखाली एकदम चालतात तेव्हा शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही; साचेवाले खुणांनी आणि ओठांवरून बोलत. पंचवीस वर्षं. अशा आवाजाने कानातल्या केसासारख्या सूक्ष्म पेशी मरतात आणि त्या परत येत नाहीत. आधी बारीक, उंच आवाज जातात; माणसाला बोलणं ऐकू येतं, पण शब्द कळत नाही. अण्णा गावी आले तेव्हा चाळिशीतच त्यांना कमी ऐकू यायचं. घरात त्यावर विनोद व्हायचे. मग विनोदही थांबले आणि त्यांच्याशी बोलणंच कमी झालं.

स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी काय करता येईल याचा आढावा घेणारा ‘लॅन्सेट’ आयोग गिल लिव्हिंग्स्टन यांच्या अध्यक्षतेखाली २०१७, २०२० आणि २०२४ असा तीनदा अहवाल घेऊन आला. ताज्या अहवालात चौदा कारणं आहेत. अपुरं शिक्षण, रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, दारू, डोक्याला मार, नैराश्य, एकटेपणा, दूषित हवा, कमजोर नजर वगैरे; आणि मध्यमवयातलं बहिरेपण त्यातल्या सर्वांत वजनदार कारणांपैकी एक आहे. कारण सोपं आहे. तुटक ऐकू येणारं वाक्य जुळवण्यात मेंदूची शक्ती खर्च होते, लक्षात ठेवायला उरत नाही. कानावाटे येणारा माल कमी झाला की त्या भागाचा वापर घटतो. आणि ऐकू न येणारा माणूस हळूहळू ओट्यावरून उठून आत जाऊन बसतो. अमेरिकेत २०२३ साली एक चाचणी प्रसिद्ध झाली. सरसकट सगळ्यांत श्रवणयंत्राने फरक पडला नाही. पण ज्यांना आधीच धोका जास्त होता त्यांच्यात तीन वर्षांत बुद्धीची घसरण जवळपास निम्म्याने मंदावली. अण्णांना आम्ही कानाचं मशीन घेतलं ते त्या गुणपत्रिकेच्या चार वर्षांनंतर. तेव्हा त्यांना त्याची सवय लावून घेणंच जमलं नाही. ते फडताळात राहिलं. याचं मला आजही वाईट वाटतं, आणि दवाखान्यात कान तपासले नाहीत म्हणून दुसऱ्याला दोष देऊनही ते कमी होत नाही.

१८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांतले हजारो कोकणातले. अण्णा त्या वर्षी चव्वेचाळीस वर्षांचे होते. वर्षभर वाट बघून रोह्याला परतले आणि पुढे धाटावच्या कारखान्यात रात्रपाळीचे रखवालदार झाले. पगार गेला तो गेलाच, पण युनियनच्या सभा, चाळीतलं भजनी मंडळ, गणपतीतली नाटकं हेही एका वर्षात गेलं. अशा तडाख्याने मेंदूचं काय होतं? संपाचा या अंगाने कोणी अभ्यास केल्याचं माझ्या वाचनात नाही. पण जवळपास जाणारं बरंच आहे. तमिळनाडूत ऊस पिकवणाऱ्या ४६४ शेतकऱ्यांची बुद्धी सेंधिल मुल्लैनाथन, एल्डर शफीर, आनंदी मणी आणि जियायिंग झाओ यांनी तोडणीच्या आधी आणि नंतर तपासली. माणूस तोच. तोडणीआधी, हात रिकामा असताना, तो कमी हुशार ठरला. पैसे आल्यावर जास्त. ही २०१३ची गोष्ट. पैशाची विवंचना डोक्यातली जागा अडवते, असा त्यांचा अर्थ. हे झालं तात्पुरतं. अमेरिकेत पन्नाशीच्या पुढच्या ज्यांची तीनचतुर्थांश पुंजी दोन वर्षांत बुडाली, त्यांच्यात पुढच्या वीस वर्षांतले मृत्यू दीडपट आढळले. आणि असा आर्थिक धक्का बसलेल्यांची बुद्धीही लवकर उतरते, असं अमेरिका आणि चीनमधल्या पाहण्यांमध्ये दिसलं. पेणमध्ये २०१०ला एक सहकारी नागरी बँक बुडाली तेव्हा निवृत्तीची सगळी रक्कम अडकलेली माणसं आमच्या नात्यातही होती. त्यांच्यापैकी कोणाची झोप गेली, कोणाचा रक्तदाब वाढला, कोण बोलेनासं झालं, हे नातेवाइकांना माहीत आहे. तिथल्या वृद्धांचे मेंदू कोणी मोजले नाहीत.

सवयींबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण त्याच गोष्टी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत वर्षभर येतात. चाला, अक्रोड खा, शब्दकोडी सोडवा. चालणं खोटं नाही: १२० वृद्धांपैकी ज्यांना वर्षभर आठवड्यातून तीनदा चालवलं, त्यांचा हिप्पोकॅम्पस दोन टक्क्यांनी वाढला, असं २०११ला अमेरिकेत नोंदलं गेलं. फिनलंडमध्ये १२६० जणांपैकी निम्म्यांना दोन वर्षं आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाबावर देखरेख असं सगळं एकत्र दिलं तेव्हा फायदा दिसला. रक्तदाब वरचा आकडा १२०च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न केल्यास सौम्य स्मृतिदोषाचं प्रमाण घटतं, हे २०१९ला सिद्ध झालं. आमच्याकडे मात्र पेणचे पापड-मिरगुंड, सुकट-बोंबील, आणि मिठागरांचा मुलूख. रक्तदाब आहे हे बहुतेकांना पक्षाघाताच्या दिवशी कळतं. बायकांची मशेरी सुटत नाही. चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्यांची म्हातारपणची बुद्धी थोडी कमी भरते, असं भारत, मेक्सिको आणि चीन या तिन्ही देशांच्या पाहण्यांतून निघालं. पुण्याच्या केईएममध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि मध्यमवर्गीय पुरुष तपासले तेव्हा दोनतृतीयांशांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं. आणि ही उणीव तर स्मृतिदोषाच्या बऱ्या होणाऱ्या कारणांपैकी एक. वय झालं म्हणण्याआधी एक रक्ततपासणी करून घ्यावी, इतकं तरी मी ओळखीच्या सगळ्यांना सांगतो.

पण एक प्रश्न मला या सवयींच्या यादीपाशी नेहमी थांबवतो. काकू जन्मभर चालली. विहिरीवर, शेतावर, आठवड्याच्या बाजाराला. साखर तिला परवडत नव्हती. अक्रोड नव्हते, पण वाल आणि पालेभाजी होती. चालण्याने आणि साध्या जेवणाने सगळं भागत असतं तर खेड्यातला आकडा शहरापेक्षा कमी यायला हवा होता. तो जास्त आहे. नव्वद पावलं पुढे टाकली तरी बालपणीची उपासमार, न मिळालेली शाळा, न तपासलेला रक्तदाब आणि न उतरलेला मोतीबिंदू शंभर पावलं मागे खेचतात. सवय ही निवड आहे असं आपण धरतो. निवडायला हातात काही असावं लागतं. २०२४ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये पंधरा देशांतल्या ५३०६ जणांच्या मेंदूंचा अभ्यास आला. मेंदूच्या मोजमापांवरून मेंदूचं वय काढायचं आणि जन्मतारखेच्या वयाशी ताडून बघायचं, अशी ती पद्धत. जिथे आर्थिक विषमता आणि प्रदूषण जास्त तिथे मेंदू जन्मतारखेच्या पुढे धावताना दिसले. भारताविषयी दुसऱ्या एका गणितानुसार, सुधारता येण्याजोगी कारणं दूर झाली तर इथला सुमारे ४१ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतो. हा आकडा समाजाचा आहे, व्यक्तीचा नाही. सुडोकू सोडवून कोणाला स्वतःपुरते ४१ टक्के मिळत नाहीत.

अण्णांचा आजार पुढे खरोखरच स्पष्ट झाला. त्या पहिल्या दिवशी तो सुरू झाला होता की नुसते कान गेले होते, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. शेवटची तीन वर्षं ते संध्याकाळी पाच वाजले की पाळीला निघायचं म्हणून डबा मागत. काकू रिकामा डबा हातात देई. ते ओट्यापर्यंत जाऊन परत येत. ती विचारी, ‘आज लवकर सुटली का पाळी?’ याला उपचारशास्त्रात काही नाव असेल. तिने कुठे शिकलं नव्हतं. दिवसातून चार वेळच्या गोळ्या तिने चार रंगांच्या चिंध्यांच्या पुरचुंड्यांत बांधल्या होत्या आणि तीन वर्षांत एकदाही चुकली नाही. १७ गुण मिळालेली बाई.

तिला मदत करायला मात्र कोणी नव्हतं. मुलगा डोंबिवलीत, मी आठवड्यातून एकदा. गोव्यात २००८ साली अमित डायस आणि सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांमध्ये एक साधा प्रयोग केला. थोडं प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं घरी जात, सांभाळणाऱ्या बाईशी बोलत, आजार काय ते समजावून सांगत, गरज पडली तर डॉक्टरांना आणत. रुग्ण बरे झाले नाहीत. पण सांभाळणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलं. आमच्या गावात आशाताई गरोदर बायकांकडे जातात, क्षयाच्या गोळ्या देतात. त्यांच्या वहीत अण्णांसाठी रकाना नव्हता.

अण्णा गेले त्याच्या आधीच्या दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी आळीत आली. रोह्यात या पालखीला पोलिसांची सशस्त्र मानवंदना असते आणि ती घरोघर फिरते. पोचायला मध्यरात्र उलटते. अण्णांना मला ओळखता येत नव्हतं. ते दारात येऊन उभे राहिले, टोपी सारखी केली आणि पालखी कोणत्या घरी थांबून आली, पुढे कोणाकडे जाईल, हे आळीतल्या घरांच्या क्रमाने सांगत गेले. दोन घरं तर आता उरलेलीही नाहीत.

काकू आता ब्याऐंशीची आहे. गेल्या महिन्यात मी तिच्यासमोर बसून बल्लभगढची ती बदललेली चाचणी, मला माहीत आहे तेवढी, मराठीत घेतली. वीसमधून तीन-तीन वजा करताना ती थांबली नाही. मग मी म्हणालो, ‘काकू, तुझ्या घराबद्दल काहीतरी सांग.’

‘मागच्या पडवीची कौलं बदलायची राहिलीत,’ ती म्हणाली. ‘गेल्या पावसाआधी बदलतो म्हणाला होतास. विसरलास ना?’